डोंगराची माती, नदीचा काठ

म्हैसूरच्या दक्षिणेस २५ किलोमीटरांच्या आत, कपिला नदीच्या उजव्या तीरावर नंजनगूड हे क्षेत्र वसलेले आहे. कानडीत ‘नंजु’ म्हणजे विष आणि ‘उंड’ म्हणजे ते प्राशन केलेला. तेव्हा तेथील नंजुंडेश्वर म्हणजे महाराष्ट्रात ज्याला नीलकंठ म्हणतात तोच देव होय. यात्रेकरूंना गावाची ओळख या देवामुळे असते; पण बाजारपेठेत याच गावाचे नाव एका फळाशी जोडले गेले आहे. ‘नंजनगूड रसबाळे’ ही ती केळीची जात. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. देवरसनहळ्ळी आणि तिच्या आसपासच्या गावांत हे केळे विशेष मधुर आणि सुवासिक होते, आणि त्याचे श्रेय तेथील जाणकार नदीकाठच्या काळ्या चिकण गाळाला देतात. तेच रोप दुसऱ्या मातीत लावले तर झाड वाढते, घडही धरतो; पण तो स्वाद उतरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

ही काळी चिकणमाती नंजनगूडला आली कोठून? गावाच्या पायाखाली जो खडक आहे तो दक्षिण भारतातील अतिप्राचीन पट्टिताश्म, म्हणजे नाइस. त्याचे वय अडीच ते तीन अब्ज वर्षांच्या घरातले. हा खडक रंगाने करडा, पोताने दाणेदार आणि कुदळीला दाद न देणारा. त्याच्यात आणि बोटाला लोण्यासारख्या लागणाऱ्या मातीत कोणतेही साम्य डोळ्यांना दिसत नाही. तरीही ती माती अशाच खडकापासून झालेली आहे. तिच्या जन्माची कथा समजून घ्यायची तर गावापासून नदीच्या उगमाकडे, म्हणजे डोंगराकडे जावे लागते.

नंजनगूडजवळ दोन नद्यांचा संगम होतो. कपिला, जिचे दुसरे नाव कबिनी, ती केरळातील वायनाडच्या डोंगरांतून येते. तेथे घाटमाथ्याच्या पश्चिम कडेला वर्षाला ३००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दुसरी नदी गुंडलू, पुराणातली कौंडिन्या. ती दक्षिणेकडून, गुंडलुपेटच्या पर्जन्यछायेच्या मुलखातून येते. नंजनगूडच्या परिसरातच पावसाचे मान ७०० ते ८०० मिलिमीटरांच्या आसपास उतरते. अशा रीतीने एक नदी ओल्या डोंगराची आणि दुसरी कोरड्या मुलखाची, आणि दोघी जेथे भेटतात तेथे हे क्षेत्र आहे. चिकणमातीचा अभ्यास करणाऱ्याला याहून बोलके ठिकाण क्वचितच सापडेल.

प्रथम चिकणमाती म्हणजे काय ते पाहिले पाहिजे. मृदाशास्त्रात ही संज्ञा आधी आकाराची आहे. २ मिलिमीटरांपर्यंतचे कण ते वाळूचे. त्याहून पुष्कळ बारीक ते पोयट्याचे. आणि ज्यांचा व्यास ०·००२ मिलिमीटरांहूनही कमी, ते चिकणमातीचे. हा फरक किती मोठा आहे हे पाण्याच्या उंच पेल्यात दिसून येते. पेल्यात माती ढवळून ठेवली तर वाळूचा कण १० सेंटिमीटरांचे अंतर काही क्षणांत उतरतो. तेवढेच अंतर उतरायला चिकणमातीच्या कणाला सुमारे ८ तास लागतात. प्रयोगशाळेत मातीचे पृथक्करण याच तत्त्वावर होते. आणि निसर्गातही नदी याच तत्त्वाने वागते. उतारावर वेगाने धावताना ती गोटे आणि वाळू मागे टाकीत येते; चिकणमाती मात्र पाण्यात तरंगत राहते आणि पूर पसरून जेथे पाणी निवांत होते, तेथेच खाली बसते. नंजनगूडचा काठ ही अशा निवांत पाण्याची जागा आहे.

परंतु बारीकपणा एवढाच चिकणमातीचा गुण असता, तर खडक जात्यात दळून ती करता आली असती. तशी ती होत नाही. गारगोटी कितीही कुटली तरी तिची बारीक वाळूच होते. चिकणमातीचा कण हा फुटलेला खडक नव्हे, तो नव्याने घडलेला पदार्थ आहे. पावसाचे पाणी हवेतून, आणि त्याहूनही अधिक जमिनीतील मुळांच्या व जीवजंतूंच्या श्वासोच्छ्वासातून, कार्बन डायऑक्साइड घेते आणि किंचित आम्लधर्मी होते. हे सौम्य आम्ल खडकातील फेल्स्पार, अभ्रक यांसारख्या खनिजांत शिरते. पोटॅश, सोडा, चुना हे विरघळून वाहून जातात, सिलिकाचाही काही भाग जातो. मागे राहिलेले सिलिका, ॲल्युमिनियम आणि पाणी यांची पुन्हा जुळणी होऊन अतिसूक्ष्म पापुद्रे तयार होतात. हे पापुद्रे म्हणजेच चिकणमाती. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात बुडालेल्या दगडाला जे साधत नाही, ते झाडांच्या मुळांनी, उबेने आणि झिरपणाऱ्या पाण्याने काळाच्या ओघात साधते.

हे पापुद्रे दोन प्रमुख रीतींनी रचले जातात, आणि जमिनीचे अर्धे भवितव्य या रचनेत आहे. पहिल्या प्रकारात सिलिकाचा एक आणि ॲल्युमिनियमचा एक असे दोन थर घट्ट जोडलेले असतात; पापुद्र्यांमध्ये पाण्याला वाट नसते. ही केओलिनाइट जात. चीनमधील ‘काओलिंग’ या टेकडीच्या नावावरून तिचे नाव पडले. चिनी मातीची भांडी त्या मातीची. दुसऱ्या प्रकारात ॲल्युमिनियमचा थर सिलिकाच्या दोन थरांमध्ये असतो आणि अशा पापुद्र्यांमधून पाणी आत शिरते. पापुद्रे फुगतात, सुकले की आखडतात. या जातीतले प्रसिद्ध खनिज म्हणजे फ्रान्समधील माँटमोरिलाँ या गावावरून नाव मिळालेले माँटमोरिलोनाइट. एक ग्रॅम केओलिनाइटचे पृष्ठफळ १० ते ३० चौरस मीटर भरते. माँटमोरिलोनाइटचे आतले पृष्ठ धरून ते ७०० ते ८०० चौरस मीटरांपर्यंत जाते. पिकाला लागणारा चुना, पोटॅश, मॅग्नेशियम हे सारे याच पृष्ठावर धरून ठेवले जातात. म्हणून पहिली माती जणू रित्या हाताची, तर दुसरी भरल्या कोठाराची.

यांतली कोणती जात कोठे तयार होईल हे मुख्यतः पाणी ठरवते. डोंगरमाथ्यावर पाऊस भरपूर आणि निचरा जलद असला, की सिलिका व क्षार धुऊन जातात. उरते ते केओलिनाइट, आणि धुलाई त्याहूनही पुढे गेली तर नुसते ॲल्युमिनियम व लोह यांचे संयुग. निलगिरीच्या उंच भागांत अशी माती सापडते. लोहामुळे तिला तांबडा-पिवळा रंग येतो. याउलट जेथे पाऊस बेताचा आणि जमीन सखल, तेथे वरून विरघळून आलेले सिलिका, चुना आणि मॅग्नेशियम साचतात. त्या साचलेल्या द्रव्यांतून फुगणारी चिकणमाती घडते, आणि खालच्या थरांत चुनखडीचे खडे बांधले जातात. कबिनीच्या खोऱ्यात वायनाडपासून नंजनगूडकडे येताना जमिनीचा रंग तांबड्याकडून काळ्याकडे वळत जातो, याचे मर्म हेच आहे. पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेतील संशोधकांनी सह्याद्रीच्या कड्यापासून कर्नाटकाच्या पठारापर्यंतच्या मातीचा अभ्यास करून पावसाच्या या उतरंडीशी मातीची उतरंड ताडून पाहिली आहे.

महाराष्ट्रातील श्रोत्यांना हेच दृश्य घरचे वाटेल. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथील माथा जांभ्याने मढलेला आहे. घाट उतरून पूर्वेकडे माण-खटावच्या मुलखात जावे, तर पाऊस ५०० मिलिमीटरांच्या आसपास येतो. उतारावर मुरमाड बरड आणि ओढ्याच्या काठी खोल काळी जमीन भेटते. येथे खडक नाइस नाही, काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट आहे. खडक निराळा असूनही मातीची मांडणी तीच, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते: माती म्हणजे केवळ खडकाचा चुरा, ही समजूत अपुरी आहे. तथापि खडकाला काहीच बोलता येत नाही असेही नव्हे. भीमाशंकरच्या परिसरातील मातीचा नागपूरच्या शास्त्रज्ञांनी अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की बेसॉल्टमधील झिओलाइट नावाची खनिजे मातीला सतत चुना पुरवीत असल्यामुळे, एवढ्या पावसातही ती माती पूर्णपणे निःसत्त्व होत नाही.

आता प्रश्न येतो तो वर्गीकरणाचा. मातीला नावे देण्याचे काम शास्त्रज्ञांच्या फार आधी शेतकऱ्याने केले. मराठीत काळी, तांबडी, बरड, मुरमाड, पोयटा, चोपण, मळी. कोकणात डोंगरउताराची वरकस आणि खाडीकाठची खाजण. कानडी शेतकरी तांबड्या मातीला ‘केम्मण्णु’, काळीला ‘एरे मण्णु’ आणि कुंभाराच्या चिकणमातीला ‘जेडी मण्णु’ म्हणतो. ही नावे रंग, पोत आणि जागा यांवरून पडलेली आहेत, आणि त्यांतील ‘वरकस’सारखे नाव तर उताराचेच आहे.

राज्यकर्त्यांचे लक्ष मातीकडे गेले ते साऱ्यासाठी. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यापासून जमीनमोजणीची नवी पद्धत घालून दिली. तिच्यात रंग व पोत पाहून मातीचे तीन मुख्य वर्ग आणि खोलीवरून नऊ प्रती ठरवीत. उत्तम जमीन १६ आणे धरून बाकीच्या त्या मानाने खाली येत. मग दोष वजा करीत. वाळूची भेसळ, चुनखडीचे कण, पाणी साचणे हे दोष होते, तसाच उतार हाही एक दोष होता. हीच मुंबई पद्धत १८६३ पासून म्हैसूर संस्थानाच्या जमीन महसूल पाहणीत स्वीकारली गेली. इंदापूरच्या माळावर बसवलेला गज अशा रीतीने म्हैसूरच्या मुलखात पोचला. मात्र सारा आकारण्यासाठी उतार वजा करून भागत असले, तरी मातीचे ज्ञान त्याने पूर्ण होत नाही. कारण उतार ही मातीच्या घडणीतली एक कर्ती शक्ती आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्होल्कर आणि लेदर यांनी भारतातील मातीचे गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची असे चार मोठे भाग केले. ‘लॅटराइट’ हे जांभ्याचे शास्त्रीय नाव फ्रान्सिस बुकानन याने १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतातून आले. टिपूच्या पाडावानंतर तो म्हैसूर, कानडा आणि मलबार या प्रांतांत हिंडला, आणि मलबारातील अंगाडिपुरम येथे त्याने हा दगड विटांप्रमाणे कापून वाळवला जाताना पाहिला. त्याच शतकात रशियात डोकुचायेव्ह याने, माती हा स्वतंत्र निसर्गपदार्थ असून हवामान, जीवसृष्टी, मूळ खडक, भूरूप आणि काळ यांच्या संयोगाने ती घडते, असा विचार मांडला. १९४१ मध्ये हान्स येनी याने या पाच घटकांचे सुसूत्र विवेचन केले. डोंगराळ प्रदेशासाठी सर्वांत उपयुक्त कल्पना मात्र जेफ्री मिल्न याची. पूर्व आफ्रिकेत पाहणी करताना त्याला असे दिसले की माथा, उतार, पायथा आणि दरीचा तळ यांवरील माती निरनिराळ्या असल्या तरी त्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. १९३५ मध्ये त्याने या क्रमाला ‘कॅटीना’ म्हणजे साखळी असे लॅटिन नाव दिले.

या साखळीच्या दृष्टीने पाहिले म्हणजे आजच्या वर्गीकरणातली बोजड नावेही सुबोध होतात. १९७५ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेली पद्धती भारतातही वापरली जाते. १९७६ मध्ये स्थापन झालेल्या नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमि उपयोग नियोजन संस्थेने तिच्या आधारे देशाचे नकाशे केले. उभ्या कड्यावर माती टिकतच नाही, म्हणून तेथे थर न पडलेली एंटिसॉल. उतार जरा सौम्य झाला की थर दिसू लागलेली इन्सेप्टिसॉल. सपाट माथ्यावर आणि पायथ्याशी, जेथे वरच्या थरातील चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरून खालच्या थरात साठते, तेथे अल्फिसॉल. धुलाई फार झाली असेल तर अल्टिसॉल. आणि तळाच्या काळ्या जमिनीला व्हर्टिसॉल, म्हणजे उलटणारी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, वरची माती त्या भेगांत पडते आणि पावसात ती फुगली की खालची वर ढकलली जाते. काळी जमीन आपली आपण नांगरली जाते, असे जे म्हणतात, त्याचेच हे शास्त्रीय नाव होय.

डोंगराळ मुलखात वर्गीकरण कठीण होते ते यामुळेच. सपाटीवर एका खड्ड्यावरून एका मोठ्या शिवाराची कल्पना येते. डोंगरात शंभर पावलांवर साखळीची पुढची कडी लागते. म्हणून पाहणी करणारा येथे माथ्यापासून ओढ्यापर्यंत एका रेषेत खड्डे घेत उतरतो. प्रत्येक ठिकाणी तो थरांची जाडी मोजतो, ओल्या मातीची चिमटीत पट्टी काढून चिकटपणा अजमावतो, रंग ताडून पाहतो, चुना आहे का हे आम्लाचा थेंब टाकून पाहतो. त्याच्या नकाशावर एका रंगाने एक माती दाखवली जात नाही; बहुधा दोन-तीन मातींचा समूह दाखवावा लागतो.

एवढा खटाटोप कशासाठी? ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे दगावली. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये मुंडक्कै आणि चूरलमला या वस्त्यांवर दरड कोसळून दोनशेहून अधिक बळी गेले. ही जागा कबिनीच्या नव्हे, तर डोंगराच्या दुसऱ्या अंगाला पश्चिमेकडे वाहणाऱ्या चालियारच्या उगमक्षेत्रातली. पण डोंगर तोच. दोन्ही ठिकाणी अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. तिच्यामागे मात्र मातीचा धर्म आहे. शतकानुशतके कुजलेल्या खडकाचा जाड थर उतारावर पेलला जातो तो मुळांच्या आधाराने आणि पाण्याचा निचरा होत असल्याने. आत चिकण थर असेल तर त्याच्यावर पाणी अडते, माती जड होते, कणाकणांतील पकड पाण्याच्या दाबाने सुटते आणि सबंध उतार निसटतो. केरळच्या डोंगरांत जमिनीखाली पाण्याने चिकणमाती धुऊन नेऊन केलेल्या नळीसारख्या पोकळ्याही आढळल्या आहेत. अशा उताराची कापणी करावी की नाही, घर कोठे बांधावे, ओढ्याची वाट कोठे मोकळी ठेवावी, याचे उत्तर खोली, पोत आणि निचरा यांच्या नोंदीत असते. विंगेटच्या वहीत उतार हा आण्यांचा दोष होता. आज तो माणसांच्या जीविताचा प्रश्न झाला आहे.

नंजनगूडच्या केळीचा प्रश्न याच साखळीच्या दुसऱ्या टोकाचा आहे. पनामा रोग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मर रोगाने रसबाळ्याची लागवड फार आखडली. हा रोग फ्युझेरियम नावाच्या बुरशीमुळे होतो आणि ती मातीत दीर्घकाळ टिकून राहते. १९६० च्या सुमारास मध्य अमेरिकेतील केळीच्या मळ्यांचा अभ्यास करताना स्टॉट्झ्की व त्याच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, ज्या मातीत माँटमोरिलोनाइट होते तेथे हा रोग सावकाश पसरत होता आणि जेथे ते नव्हते तेथे मळे थोड्याच वर्षांत उजाड होत होते. ही माती आपली आम्लता सहसा ढळू देत नाही. त्यामुळे बुरशीशी स्पर्धा करणारे जीवाणू तिच्यात जोमाने वाढतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. याचा अर्थ काळी माती हे रोगावरचे कवच आहे असा नव्हे. नंजनगूडचाच अनुभव त्याच्या विरुद्ध आहे. परंतु बागेसाठी शिवार निवडताना नुसते ‘काळी’ म्हणून न थांबता तिच्यातील चिकणमाती कोणत्या जातीची आहे हे विचारणे किती महत्त्वाचे, ते यावरून कळते.

आणखी एक बदल ध्यानात घेण्याजोगा आहे. १९७४ मध्ये बीचनहळ्ळी येथे कबिनीवर धरण पूर्ण झाले. त्याने शेताला पाणी दिले. पण जलाशयाच्या निवांत पाण्यात तोच ८ तासांचा नियम लागू होतो, आणि डोंगरावरून येणारा पुष्कळसा गाळ भिंतीमागेच बसतो. पूर्वी पुरासरशी काठाला मिळणारी नवी माती आता त्या प्रमाणात मिळत नाही. जी आहे तीच सांभाळायची आहे. वरच्या अंगाला जंगल उघडे पडले तर डोंगराची माती जाते आणि खाली जलाशय भरतो. म्हणजे एकाच मातीचे नुकसान दोन ठिकाणी होते. बोटभर जाडीचा थर तयार होण्यास शतके लागतात, आणि तो उघड्या उतारावरून वाहून जाण्यास काही मोसम पुरतात.

मातीचे वर्गीकरण हे म्हणून निव्वळ नावांचे भांडार नव्हे. कोणता उतार वनाखालीच ठेवावा, कोणता ताली घालून नाचणी-वरीला द्यावा, कोठे घर बांधू नये आणि कोणता काठ केळीसाठी राखावा, हा निर्णय त्या नावांत साठवलेला असतो. वायनाडचा शेतकरी आणि नंजनगूडचा बागाइतदार यांच्यात डोंगर, अरण्य आणि राज्याची सीमा आड येते. एकाच पाण्याने घडवलेली त्यांची माती मात्र एकाच साखळीची आहे, आणि वरची कडी निखळली तर त्याची झळ खालच्या कडीला लागल्यावाचून राहत नाही.